भिंगरीचा मग आणि चौदा मोजे

त्या तबेल्यात रोज सकाळी साडेसहाला शर्यत होत असे, आणि त्या शर्यतीत एकही घोडा जागचा हलत नसे.

शर्यत होती खाण्याची. तीन ठाणं, तीन बादल्या, आणि प्रत्येक बादलीत एक मग ओट्स. मावशीने शिट्टी मारली की तिन्ही बादल्या एकदम खाली टेकायच्या. ज्याच्या घोड्याची बादली शेवटी रिकामी होईल, त्याने दिवसभर सगळ्या तबेल्याची लीद उचलायची. नियम मावशीचा. ती पंचवीस वर्षं शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाली होती. शिट्टी आणि स्टॉपवॉच मात्र तिच्या गळ्यातून निवृत्त व्हायला तयार नव्हते. प्रत्येक घोड्याची वेळ ती दाराच्या फळीवर खडूने लिहून ठेवी. कशासाठी, असं कुणी विचारलं तर म्हणे, "वेळ घेतली की लिहायची असते. उगाच कोण घेतं?"

तबेला तिचा आणि तिच्या धाकट्या भावाचा. घोड्यावर बसायला शिकायला येणारी मुलं तिला मावशी म्हणत आणि त्याला मामा, म्हणून मोठी माणसंही तेच म्हणू लागली होती. मावशी तेवढी मामाला अजून 'बाळ्या' म्हणे. बाळ्या त्रेसष्ट वर्षांचा होता आणि त्याच्या डोक्यावर मोजून दाखवता येतील एवढेच केस उरले होते.

घोड्यांची निगा राखायला मोतद्दार एकच, पैलवान. पैलवान इतका किडकिडीत होता की तो खोगीर घेऊन निघाला की खोगीरच त्याला घेऊन निघालंय असं वाटे. त्याच्याकडे साहेब नावाचा म्हातारा घोडा होता. साहेब ओट्स चघळता चघळता मध्येच थांबायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा, एखादी फाईल कुठे ठेवली ते आठवत असल्यासारखा. त्यामुळे गेली चार वर्षं लीद पैलवानच उचलत होता. मावशीचं तट्टू गोटी दुसरं यायचं. आणि पहिली यायची मामाची भिंगरी.

भिंगरीची आई तिला जन्म देताना गेली. मामाने तिला बाटलीने दूध पाजलं, गुडघ्यावर डोकं घेऊन झोपवलं, आणि ती मोठी झाल्यावरही लाड काही कमी केले नाहीत. एक मग ओट्स ती एक मिनिट दहा सेकंदांत फस्त करायची आणि मग बादली पायाने उलटी करून बाकीच्यांकडे असं बघायची की गोटीलासुद्धा लाज वाटावी.

मामाला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक भिंगरी, दुसरं स्वतःचं नाक. गवताच्या गठ्ठ्याला नाक लावून तो ते गवत कधी कापलं, किती ऊन खाल्लं, वाटेत कुणी त्यावर बसून बिडी ओढली का, सगळं सांगायचा. गवतवाला त्याला टरकून असे. रविवारी मुलं रांग लावून उभी राहत आणि मामा एकेकाजवळ जाऊन वास घेत म्हणे, "तू आज दात घासले नाहीस. तू घासलेस, पण खोटं खोटं." मुलं किंचाळून हसत.

तर त्या मंगळवारी मावशीने शिट्टी मारली आणि बादल्या खाली टेकल्या.

गोटीचं झालं. भिंगरी अजून खातच होती.

"बाळ्या, आज मगात काय दगड घातलेस का?" मावशी म्हणाली.

"चवीने खातेय ती. तुझ्या तट्टूसारखी हावरट नाही."

साहेब खाता खाता थांबला. भिंतीकडे पाहिलं. फाईल आठवली असावी, कारण त्याने पुन्हा तोंड खाली घातलं आणि बादली चाटून पुसून स्वच्छ केली. भिंगरीच्या बादलीत अजून निम्मे ओट्स होते.

पैलवानाला आधी कळेचना काय झालं. मग त्याने फावडं उचललं, बाळासारखं कवेत घेतलं आणि अंगणभर नाचत सुटला. "चार वर्षं! चार वर्षं, मामा! साहेब, तुम्ही माझे बाप!" नाचून झाल्यावर ते फावडं त्याने दोन्ही हातांनी, मान लववून मामाला अर्पण केलं.

"ही लबाडी आहे," मामा म्हणाला. "काल संध्याकाळी तिला कुणीतरी चारलंय."

"कोण चारणार? तिला चारणारे तुम्ही एकटे!"

यावर मामाने वाद न घालता फावडं भिंतीला टेकवलं, हे त्याच्या स्वभावात नव्हतं, पण पैलवान नाचण्यात होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

मावशी मात्र फळीसमोर उभी होती. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला. शनिवार, एक मिनिट दहा. रविवार, एक मिनिट सोळा. सोमवार, एक मिनिट चाळीस. आणि आज तीन मिनिटं पंचवीस सेकंदांवर घड्याळ थांबवलं तेव्हाही बादली रिकामी नव्हतीच.

"बाळ्या, हिचं काल पण लांबलं होतं."

"उकडतंय."

"उकाड्याने मी जेवायची थांबले का?"

मामा ठाणात गेला. भिंगरीने त्याला ओळखून कान टवकारले, डोळ्यांत तीच खट्याळ चमक होती. पण पापण्या जड झाल्यासारख्या अर्ध्यावर आल्या होत्या. ओल्या ओट्सची लाळ ओठांवरून गळत होती. खांद्याचं मांस हुडहुडी भरल्यासारखं थरथरत होतं, आणि सकाळ तर चांगली कोमट होती. मामाने तिच्या तोंडाचा वास घेतला.

"काही नाही," तो म्हणाला. "दात दुखत असेल."

"तुझं नाक दातही बघतं वाटतं आता? मी डॉक्टरला बोलावतेय."

"पण लीद आज कोण..." पैलवानाने विचारलं, आणि मावशीची नजर पाहून फावडं निमूटपणे स्वतःच उचललं.

डॉक्टरीणबाई तासाभरात आली. ही याच तबेल्यात लहानाची मोठी झालेली. गवताची धूळ नाकात गेली की एका दमात अकरा शिंका द्यायची, म्हणून मामाने तिचं नाव शिंकरी ठेवलं होतं. घोड्यावर बसून शिंकताना ती सहा वेळा पडली होती आणि सहाही वेळा परत चढली होती. आता ती घोड्यांची डॉक्टर होती आणि अजूनही दारातून आत आली ती फळीवरच्या वेळा वाचत आणि शिंकतच.

"आधी जीभ बघते," ती म्हणाली, आणि पहिल्याच ठाणाचं दार उघडून आत शिरली. ते ठाण साहेबाचं होतं. कुणी काही म्हणायच्या आत तिने त्याची जीभ हळूच बाजूने बाहेर ओढली आणि सोडून दिली.

जीभ बाहेरच लोंबत राहिली.

डॉक्टरीणबाईचा चेहरा उतरला. तिने पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. जीभ तशीच. टॉवेल वाळत घातल्यासारखी.

"मावशी, हे फार वाईट लक्षण आहे. निरोगी घोडा जीभ चटकन आत घेतो. याच्या जिभेत ताकदच नाही."

पैलवानाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने साहेबाच्या गळ्यात हात टाकले. "सकाळीच जिंकला हो! आयुष्यात पहिल्यांदा जिंकला! त्याचाच धसका घेतला बिचाऱ्याने!"

"गाजर दे त्याला," मावशी थंडपणे म्हणाली.

"काय?"

"मुलांनी शिकवलंय. जीभ बाहेर ठेवली की गाजर मिळतं. गाजर मिळाल्याशिवाय तो ती आत घेत नाही."

पैलवानाने खिशातून गाजर काढलं. जीभ सळकन आत गेली, गाजर घेऊनच. डॉक्टरीणबाईने कपाळाला हात लावला, चार वेळा शिंकली आणि भिंगरीच्या ठाणात गेली.

तिथे कुणी हसलं नाही. भिंगरीची जीभ बाहेर आली ती तशीच राहिली. पैलवानाने गाजर पुढे केलं. भिंगरीने ते ओठांत धरायचा प्रयत्न केला, ते निसटून खाली पडलं. डॉक्टरीणबाईने शेपटी उचलली. एरवी शेपटीला कुणी हात लावला तर लाथ घालणारी भिंगरी नुसती उभी राहिली.

"मामा, ही बाकीच्यांपेक्षा वेगळं काय खाते?"

"काही नाही," मामा म्हणाला.

"नीट आठवा. मला संशय येतोय बॉट्युलिझमचा. तो एक जंतू असतो, मातीत सगळीकडेच असतो, एरवी काही करत नाही. पण कुजणाऱ्या, ओलसर, हवा नसलेल्या जागेत त्याला रान मोकळं मिळतं आणि तो विष तयार करतो. ते विष पोटात गेलं की नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. घोड्याला सगळं कळत असतं, भूक असते, पण गिळता येत नाही, उभं राहता येत नाही, शेवटी श्वासही घेता येत नाही. घोड्याला त्यातलं चिमूटभरसुद्धा पुरतं."

"मग औषध दे ना," मावशी म्हणाली.

"उतारा आहे, पण तो मोठ्या दवाखान्यात ठेवलेला असतो, थोडाच असतो. नुसत्या अंदाजावर देत नाहीत. घशात घास अडकला तरी घोडा असाच लाळ गाळतो, आणखी दोनतीन आजारही असेच दिसतात. ती बाकीची तपासणी करत बसले तर दुपार होईल. आणि उतारा फक्त रक्तात फिरणारं विष पकडतो. जे नसांना चिकटलं ते चिकटलं. म्हणून तासातासाचा प्रश्न आहे." ती मामाकडे वळली. "हिने काय खाल्लं एवढं कळलं तर मी आत्ता फोन करू शकते."

मामाने आढ्याकडे पाहिलं. तिथे काही सापडलं नाही. मग त्याने मावशीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. त्याला भीती होती ती बहिणीची, हे खरं. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. आपण तोंड उघडलं की भिंगरीला आपणच विष घातलं, हे खरं होऊन बसणार होतं. तोवर तो नुसता संशय होता.

"मामा," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाली, "मी पडायचे तेव्हा तुम्ही काय म्हणायचात? आधी कुठे लागलं ते सांगायचं, मग रडायचं."

मामाने मागच्या बाजूला बोट केलं. "खोगिराच्या खोलीमागे," तो म्हणाला, "ताडपत्रीखाली."

"तिथे तर जुने तंबू आहेत," मावशी म्हणाली. "तूच सांगितलंस."

"तंबू नाहीत, ताई."

सगळे मागे गेले. पैलवानाने ताडपत्री ओढली. खाली पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले मुरघासाचे चौदा गठ्ठे दोन रांगांत मांडले होते. ओलसर गवत हवाबंद गुंडाळून आंबवायचं, की झाला मुरघास. शेजारचा गवळी गाईंना घालायचा. खतासाठी लीद दिली म्हणून त्याने मामाला हे गठ्ठे दिले होते. मावशीने तबेल्यात मुरघास आणायचा नाही असं ठणकावून सांगितलं होतं. पण भिंगरीने एकदा गवळ्याकडे तोंड घातलं होतं आणि तिला ती आंबट चव आवडली होती. मग काय! मावशी दुपारी आडवी झाली की मामा रोज थोडं थोडं ओढून काढलेल्या दोन मुठी घेऊन जायचा.

पण सगळे बघत होते ते गठ्ठ्यांकडे नाही. प्रत्येक गठ्ठ्याला अंगठ्याएवढं भोक होतं आणि प्रत्येक भोकात एक बूच होतं. चौदा बुचं. राखाडी, तपकिरी, ठिपक्यांचं, पट्ट्यांचं.

"माझा निळा मोजा!" मावशी ओरडली.

"ताई..."

"तो लोकरीचा! बाळ्या! वर्षभर मी वाऱ्याला शिव्या घालतेय! मोजा खाल्ला म्हणून त्या बिचाऱ्या गोटीशी मी दोन दिवस बोलले नाही!"

"जोडीतला एकेकच घेतला गं," मामा पुटपुटला. "म्हटलं, एक घेतला तर चोरी वाटत नाही."

"आणि भोकं कशाला?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

"वास घ्यायला." मामाने अंगठा वर केला, जसा काही तोच गुन्हेगार होता. "माल आतून चांगला आहे का ते बघायला नको? भोक पाडायचं, वास घ्यायचा, बूच मारायचं. चौदाही गठ्ठे पास झाले. वास एकदम फक्कड होता, तुझी शपथ."

डॉक्टरीणबाईने फोन काढला होता. फोन लागेपर्यंत ती गठ्ठ्यांजवळ उकिडवी बसली आणि एक मोजा उपटला. आतलं गवत काळं पडून चिकट झालं होतं.

"मामा, गवत घट्ट बंद राहिलं की चांगलं आंबतं, आणि त्या आंबटपणात हा जंतू डोकं वर काढत नाही. तुम्ही भोक पाडलंत. आत पाणी गेलं, हवा गेली, आंबटपणा मोडला, गवत सडलं. मग आत जिथे जिथे हवा उरली नाही तिथे जंतूला आयतं घर मिळालं. गवळ्याने दिलं तेव्हा ते कदाचित ठीकही असेल."

"पण वास..."

"विषाला वास नसतो. एका मुठीत असतं, शेजारच्या मुठीत नसतं. नाकाला काही कळत नाही. माझं तर नाकच लहानपणापासून बंद आहे. मला कळलं ते मावशींच्या खडूवरून." पलीकडून कुणीतरी फोन उचलला आणि ती भराभर बोलू लागली. "हो, मुरघास. हो, फाटलेला. नाही, उंदराने नाही... माणसाने."

मामा तिथेच एका उलट्या बादलीवर बसला. त्रेसष्ट वर्षांत पहिल्यांदा त्याला आपलं नाक चेहऱ्यावर उगाचच बसवल्यासारखं वाटलं.

उतारा दुपारच्या आत आला. पण डॉक्टरीणबाईने कुणाला आनंद करू दिला नाही. "आता वाट बघायची. जिथे विष चिकटलंय तिथे शरीराला नवी जोडणी करावी लागते. त्याला आठवडे लागतात. आणि तोवर हिला फिरवायचं नाही, दमवायचं नाही, लाड करायचे नाहीत."

शेवटचं ती मामाकडे बघून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भिंगरी बसली ती उठेना. मग तबेल्याचं दवाखान्यात रूपांतर झालं. ठाणात गुडघाभर गवताची गादी घातली. ती एका अंगावर कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी गठ्ठ्यांची टेकणं लावली आणि दर दोनतीन तासांनी तिघे मिळून तिचं अंग बदलू लागले. गादीतलं गवत खायला जाऊन घास छातीत उतरू नये म्हणून तोंडाला मुसकं बांधलं. खाणं पातळ करून नाकातून घातलेल्या नळीने पोटात सोडायचं. ते काम डॉक्टरीणबाई करी आणि मामा फनेल धरी.

"बघा," पैलवान एकदा म्हणाला, "शेवटी नाकच कामाला आलं." मामाने त्याच्याकडे असं पाहिलं की पैलवान पुढचे दोन दिवस फक्त साहेबाशी बोलला.

मावशीने भावाला मुरघासावरून एक शब्द ऐकवला नाही. मोज्यांवरून रोज ऐकवला. मामाला आधी ते फार लागलं. मग एका सकाळी, ती त्याच्यासमोर चहाचा कप आपटून "आज माझा डावा पाय गार आहे, कुणामुळे ते मी सांगत नाही" असं म्हणाली, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की दुसऱ्या गोष्टीवर बोलावं लागू नये म्हणून ही मोज्यांवर बोलतेय. तो चहा त्याने शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

चौदाही गठ्ठे दूर नेऊन खोल पुरले, कुठलंच जनावर तोंड घालणार नाही असे. साहेबाला आणि गोटीला लस टोचली. साहेबाने टोचून घेताना जीभ बाहेर काढून ठेवली आणि गाजर वसूल केलं. आणि रविवारी मुलं आली तेव्हा सवयीने रांग लावून उभी राहिली.

"आज वास नाही," मामा म्हणाला. "आज हातमोजे घाला आणि चला."

त्याने सुक्या गवताचा गठ्ठा मधोमध टाकला, दोर कापला आणि मुलांना तो पदर पदर उलगडायला लावला. "काय शोधायचं? ओलं, काळं, बुरशीचं, ढेकूळ झालेलं. आणि मेलेला उंदीर, पक्षी, साप. गवत कापताना यंत्रात सापडतात ते. असलं काही दिसलं तर फक्त तेवढं काढून टाकायचं नाही, अख्खा गठ्ठा बाद. कापलेल्या हिरवळीचा ढीग घोड्याला घालायचा नाही, तो आतून सडतो. आणि मुरघास..." त्याने हातमोजा नीट वर ओढला. "मुरघास कुणी आणला तर मला सांगायचं. मीच आणला तर मावशीला सांगायचं."

एका चिमुरडीला खरोखरच वाळून चपटा झालेला उंदीर सापडला. बाकीची मुलं तिच्याकडे अशी बघू लागली जणू तिने बक्षीस जिंकलं. अख्खा गठ्ठा बाद झाला.

अठराव्या दिवशी भिंगरी स्वतःच्या पायांवर उभी राहिली. तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे डॉक्टरीणबाईच्या टोपीला तोंड घातलं. टोपी ओठांत धरून ठेवली, पडू दिली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, "ओठ आले," आणि इतकी शिंकली की तिला भिंतीला धरावं लागलं. डोळे पुसत होती ते शिंकांमुळेच, असं ती म्हणाली.

सहा आठवड्यांनी मुसकं कायमचं उतरलं, आणि एका सकाळी मावशी तीन बादल्या घेऊन अंगणात आली.

"दोन मिनिटं," डॉक्टरीणबाई म्हणाली. ती मुद्दाम आली होती. "एक मग दोन मिनिटांच्या आत खाल्ला तर मी समाधानी. पहिलं यायची गरज नाही, मामा."

"पहिलीच येईल," मामा म्हणाला, पण बादली त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

शिट्टी वाजली.

गोटीचं पन्नास सेकंदांत झालं. मोजाचोरीचा आळ उतरल्यापासून ते ईर्ष्येने खाऊ लागलं होतं. साहेबाने भिंतीकडे पाहिलं. पैलवान दात ओठ खाऊन कुजबुजला, "थांबा साहेब, घाई नको, आज घाई नको." पण साहेबाला नेमका त्याच दिवशी हुरूप आला होता. एक मिनिट अडतीस, बादली स्वच्छ.

भिंगरी खात होती. एक दाणा खाली सांडला नाही. जबडा सावकाश, पण नीट हलत होता. मामा बादलीकडे बघत नव्हता. तो मावशीच्या अंगठ्याकडे बघत होता, घड्याळाच्या बटणावर टेकलेल्या.

भिंगरीने तळ चाटला. मग पुढचा पाय उचलला आणि बादली उलटी केली.

खट.

"एक मिनिट बावन्न," मावशी म्हणाली. तिने ते फळीवर लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात. "शेवटची आलीस गं, बये."

पैलवानाने फावडं उचललं. या सहा आठवड्यांत रोज त्यानेच ते उचललं होतं, कुणी सांगितलं नव्हतं. आता मात्र मामाने ते त्याच्या हातातून हिसकावून घेतलं.

"सोड! माझी हरलीय. माझी लीद आहे ती!"

आणि तो निघाला. पहिल्यांदा साहेबाच्या ठाणात, मग गोटीच्या, आणि शेवटी भिंगरीच्या. लीद ताजी होती, वास सणसणीत होता, आणि मामा इतका खुशीत शीळ घालत होता की मावशीला शिट्टी फुंकून सांगावं लागलं, "बाळ्या, आवाज कमी! आणि पायात काय आहे ते दाखव!"

मामाने एक बूट काढला. आत निळा लोकरीचा मोजा होता.

"धुऊन घेतलाय," तो म्हणाला. "दुसरा तुझ्याकडेच आहे ना?"